जाहिरातीतला बाप

त्या माणसाने माझ्या पोरीचा बीम छातीशी उचलून धरला, दात खाऊन दोन पावलं पुढे आला आणि तो विहिरीत फेकून दिला. मी पलीकडे चिंचेखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून चहा पीत होतो.

"कट!" कुणीतरी ओरडलं. चार पोरं दोर घेऊन विहिरीकडे धावली.

ऋजुता माझ्या खुर्चीजवळ येऊन वाकली. "घाबरू नका काका. काढतील ते. अजून दोनतीनदा टाकायला लागेल, मग तुमचा तुम्हाला परत."

ती मोठ्याने आणि सावकाश बोलायची. मला कमी ऐकू येतं हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. इचलकरंजीत मागाच्या खात्यावर, कापडाच्या कारखान्यात, ज्याचा जन्म गेला त्याचे कान काय राहणार? मी जॉबर. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. चोवीस मागांच्या खडखडाटात आम्ही एकमेकांशी बोलायचो ते ओठ बघून.

"ते ठीक आहे," मी म्हणालो, "पण हे फेकून द्यायचं कशासाठी?"

"सांगते ना. सीन संपू दे."

बीम म्हणजे मागावर सूत गुंडाळायचा लोखंडी दांडा. दोन्ही टोकांना जाड तबकड्या असतात. वैजयंता, म्हणजे आमची वैजू, तेरा वर्षांची असताना मी खात्यातला एक मोडका बीम मालकांकडून मागून घेतला, तो कापून बेताचा केला आणि तिला वजन उचलायला दिला. तालमीत खरा बार मोठ्या पोरांच्या हातून सुटायचा नाही, म्हणून ती पहाटे अंगणात ह्या बीमवर सराव करायची. त्यानंतर नऊ वर्षांनी तिने राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्यपदक आणलं. गावातून मिरवणूक निघाली. मी बँडच्या पुढे नाचलो होतो, आणि मला नाचता येत नाही.

पदकानंतर महिन्याभरात ही सळईची कंपनी आली. 'अढळ' नावाची, घरबांधणीची लोखंडी सळई. वैजूने त्यांची जाहिरात करायची, आणि पुढच्या आशियाई स्पर्धेपर्यंत तिच्या सरावाचा, खाण्याचा, परदेशातल्या शिबिराचा भार कंपनीने उचलायचा. नाही म्हणायचं काही कारणच नव्हतं.

ऋजुता ही जाहिरात लिहिणारी मुलगी. मुंबईची. मोठी गोड. शूटिंगच्या आधी आमच्या घरी येऊन जमिनीवर मांडी घालून बसली, माझ्या हातचे पोहे खाल्ले आणि समोर रेकॉर्डर ठेवला.

"काका, मुलीने वजनं उचलायची म्हटल्यावर तुम्ही विरोध केला असेल ना?"

"नाही ओ. मीच तिला तालमीत घेऊन गेलो."

"सुरुवातीला तरी?"

"सुरुवातीलाच."

तिचा चेहरा पडला. "लोक काय म्हणतील, लग्न कसं होईल, असं काहीच वाटलं नाही?"

"वाटायचं काय त्यात? सायकलच्या कॅरेजवर बसवून रोज नेत होतो. गावानं बघितलंय."

"मग घरात दुसरं कोणीतरी?"

वैजू उठून आत चहा टाकायला गेली. भिंतीवर माझ्या बायकोचा, शकूचा फोटो होता. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. ऋजुताने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाही," मी म्हणालो, "कोणीच नाही."

तिने रेकॉर्डर बंद केला आणि हसली. "काका, तुम्ही फार चांगले आहात. तोच प्रॉब्लेम आहे."

जाताना वैजू तिला गाडीपर्यंत सोडायला गेली. दोघी गाडीत बसून बराच वेळ बोलत होत्या. काच वर होती.

शूटिंगला आमचं घर त्यांना चाललं नाही. फरशी होती, गॅसची शेगडी होती, पत्र्याला नवा रंग होता. त्यांनी पंचगंगेकाठी एका मळ्यातलं कौलारू घर धरलं. विहिरीमुळे. आणि तिथे येईपर्यंत मला गोष्टीचा पत्ता नव्हता. जाहिरातीत बाप आहे, आई आहे, नट येणार आहेत, एवढंच वैजूने सांगितलं होतं.

विहिरीचा सीन चार वेळा झाला. चौथ्या वेळी दोर तुटला आणि बीम खाली गाळात गेला. पोरांनी गळ टाकून बघितला. "उद्या काढू," म्हणाले. उद्या कुणी काढला नाही.

मधल्या सुट्टीत तो नट माझ्याशेजारी येऊन बसला. सुधाकर पत्की, कोल्हापूरचा, नाटकात कामं करणारा. माझ्यासारखाच पायजमा, माझ्यासारखीच टोपी. मिशासुद्धा माझ्या मिशा बघून चिकटवलेल्या.

"उरणे," तो म्हणाला, "एक विचारू? राग मानू नका. तुम्ही खरंच असं केलं होतं?"

"काय?"

"हे. पोरीचं लोखंड विहिरीत टाकणं. तिला खोलीत कोंडणं. स्थळ बघायला माणसं बोलावणं."

"कोंडणं पण आहे?"

त्याने हातातले कागद माझ्यापुढे धरले. मी चष्मा लावून वाचलं. बाप पोरीच्या हातातून बार हिसकावतो. बाप दाराला कडी घालतो. आई चोरून मागच्या दाराने पोरीला बाहेर काढते. आई आपल्या बांगड्या विकते. पोरगी जिंकते. बाप चहाच्या टपरीवर टीव्हीत बघतो आणि तोंडावर टॉवेल धरून रडतो. मग मोठी अक्षरं: 'दबाव कुणाचाही असो. वाकायचं नाही. अढळ सळई.'

"म्हणजे दबाव मी," मी म्हणालो.

पत्कींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला वाटलं होतं तुम्हीच सांगितलंय त्यांना. मनात म्हटलं, काय धीराचा माणूस आहे, स्वतःचं पाप उघड करतोय. म्हणून जरा जीव ओतून करत होतो."

"चांगलं करताय तुम्ही. मला बघूनच भीती वाटली."

तो हसला नाही. "मी जाऊन बोलतो त्यांच्याशी."

"नको. मी बोलतो."

ऋजुता जनरेटरच्या गाडीमागे फोनवर होती. फोन संपेपर्यंत मी उभा राहिलो.

"बाई, हे खोटं आहे."

"काका, ही डॉक्युमेंटरी नाही. जाहिरात आहे. कुणी खरं समजत नाही."

"समजत नाही तर वैजूचं नाव कशाला? तिचं पदक कशाला? एखादी नटी घ्या की."

"नटीसाठी कोण रडेल?" ती पटकन बोलून गेली. मग माझा हात धरला, अगदी लेकीसारखा. "हे बघा. लोखंडाकडे बघून कुणाला काही वाटत नाही. सगळ्या सळया सारख्याच दिसतात. माणूस दुकानात गेल्यावर त्याला एक नाव आठवायला हवं, आणि ते नाव आठवताना इथे," तिने छातीवर बोट ठेवलं, "इथे काहीतरी व्हायला हवं. त्यासाठी एक मुलगी हवी आणि तिला अडवणारा कुणीतरी हवा. तो जितका जवळचा, तितकं ते आत जातं. बापाहून जवळचं कोण असतं?"

"गरिबी दाखवा. गरिबी होतीच."

"गरिबी सगळे दाखवतात."

"वैजूला माहीत आहे हे?"

तिने माझा हात सोडला. "तिच्याशी बोलूनच लिहिलंय, काका."

मी वैजूकडे गेलो. ती व्हॅनमध्ये आरशासमोर बसली होती. एक बाई तिच्या तोंडाला काजळी फासत होती, गरीब दिसावी म्हणून.

"वैजू, तू वाचलंस हे?"

ती आरशातूनच बोलली. "जाहिरात आहे ओ आप्पा. लोक दोन दिवसांत विसरतात."

"पण मी कधी तुला—"

"मला काय माहीत नाही होय?" ती वळली. त्या काजळीतून तिचे डोळे फार मोठे दिसत होते. "आपल्याला माहीत आहे ना? मग झालं की. आशियाईपर्यंत काळजी नाही, आप्पा. तुम्ही नको म्हटलंत तर मी आत्ता उठते."

ती उठली असती. उठण्याच्या तयारीने तिने मांडीवरचा टॉवेल बाजूलाही केला. मी म्हटलं, बस.

दुसऱ्या दिवशी आईचा सीन होता. आईचं काम करायला साताऱ्याची एक बाई आणली होती. शकूच्या फोटोशी तिचं काही साम्य नव्हतं, पण पदर तसाच घेतला होता. सीन लहानसा. सराव करून आलेल्या पोरीच्या खांद्याला आई तेल चोळते, तळहाताच्या फोडांवर फुंकर घालते आणि म्हणते, "जा तू. मी आहे."

दिवे लागले. जनरेटर घुमत होता, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. बाईने वैजूचा हात हातात घेतला. फुंकर घातली. वैजू रडायला लागली. तिला रडायचं होतंच, कागदावर तसं लिहिलं होतं. पण ती काय रडली! शकूच्या मयताला आली तेव्हा हिच्या डोळ्यात टिपूस नव्हता. नातेवाईक बोलत होते, पोरगी लोखंडाची झाली म्हणून. इथे तिचे खांदे हलत होते, आणि कॅमेरावाला हळूहळू पुढे सरकत होता.

दिग्दर्शकाने अंगठा वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई उठायला लागली, तर वैजूने तिचा हात सोडला नाही. दिग्दर्शकाकडे बघून काहीतरी बोलली. मी ओठ वाचले.

"अजून एकदा करूया का?"

मी उठून नदीच्या बाजूला गेलो. त्यानंतर शूटिंग संपेपर्यंत मी कुणाला काही विचारलं नाही.

जाहिरात दिवाळीच्या तोंडावर लागली. क्रिकेटच्या सामन्यात दर षटकाला. पहिल्यांदा खात्यातल्या लोकांनी चेष्टा केली. "काय शंकरराव, कुठली विहीर बघून ठेवलीय?" मीही हसलो. मग ती फोनवर फिरायला लागली आणि लोकांच्या बोलण्यातली चेष्टा कमी झाली.

भाजी मंडईत एका बाईने माझ्या पिशवीत वांगी टाकता टाकता विचारलं, "तुम्हीच ते का? पोरीचं विहिरीत टाकलेलं?"

"नाही ओ. ती जाहिरात आहे."

"हां, आता काय म्हणणार," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

कॉलेजची पोरं मोटारसायकलवरून जाताना "ए विहीर!" म्हणून ओरडायची. एका महिला मंडळाने वैजूचा सत्कार ठेवला आणि मला बोलावणं केलं नाही. हेही चाललं असतं. मला लागलं ते दुसरंच. आमच्या गल्लीतला पांडू न्हावी, ज्याने मला वर्षानुवर्षं पहाटे वैजूला सायकलवर घेऊन जाताना बघितलं होतं, दुकानाचं शटर उघडता उघडता हात केला होता, तो माझी दाढी करता करता म्हणाला, "माणूस रागाच्या भरात करतो ओ. पण शेवटी तुम्ही सुधारलात, ते मोठं."

"पांडू, तू बघितलायस मला."

"बघितलंय की." त्याने वस्तरा पुसला. "पण घरातलं कुणाला दिसतं?"

वैजूचे सर, इनामदार सर, ज्यांच्या तालमीत ती घडली, ते एकदा तणतणत घरी आले. पेपरवाल्यांकडे जातो म्हणाले. मी हात जोडून थांबवलं.

"अरे पण का? तुझी अब्रू चाललीय."

"पोरीचा करार आहे सर. स्पर्धा होऊ द्या."

मी असं म्हणालो खरं. स्पर्धा आली आणि गेली. वैजू चौथी आली. तरी तिचं नाव कमी झालं नाही, उलट वाढलं. आता ती पदकासाठी कमी आणि गोष्टीसाठी जास्त ओळखली जात होती. शाळांमध्ये, कॉलेजांमध्ये, चॅनेलवर तिला बोलवायचे आणि सगळीकडे तोच प्रश्न असायचा. पहिल्या पहिल्यांदा ती हसून म्हणायची, "ती जाहिरात होती, पण त्रास तर झालाच." मग "जाहिरात होती" हे गेलं. मग गोष्टीत जाहिरातीत नसलेल्या वस्तू यायला लागल्या. कोंडलेल्या खोलीत तिने तांदळाच्या पोत्यांवर सराव केला होता. आई कडी काढताना बांगड्या वाजू नयेत म्हणून पदर गुंडाळून घ्यायची. एकदा आमच्याच घरी मुलाखत चालली होती आणि मी स्वयंपाकघरात पाहुण्यांचा चहा गाळत होतो. दार उघडं होतं, वैजूचे ओठ दिसत होते. ती सांगत होती, बीम पाण्यात पडल्याचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "वैजू, तो आवाज शूटिंगचा."

ती फोन बघत होती. "हं?"

"बीम पत्कींनी टाकला. मळ्यात."

"हो ओ आप्पा," ती म्हणाली. पण पहिल्यांदा व्हॅनमध्ये म्हणाली होती तसं नाही. एखाद्या म्हाताऱ्याची समजूत घालावी तसं.

जाहिरातीला वर्ष झालं तेव्हा कंपनीने कोल्हापुरात विक्रेत्यांचा मेळावा घेतला. दुपारचं जेवण, मग हॉलमध्ये कार्यक्रम. वैजूबरोबर मलाही आमंत्रण होतं. ऋजुताने स्वतः फोन केला. "काका, तुम्ही स्टेजवर दोन शब्द बोलायचे. काहीही. मनातलं."

मनातलं माझ्याकडे पुष्कळ होतं. इनामदार सर म्हणाले, "बोल शंकर. एवढे लोक आणि हातात माईक, असा मोका पुन्हा येणार नाही." मी दोन दिवस खात्यात मागांच्या आवाजात मोठ्याने बोलून सराव केला. तिथे कुणाला ऐकू जायची भीती नव्हती. साधी चार वाक्यं होती. मी पोरीला अडवलं नाही. मी तिला घेऊन गेलो. बीम मी दिला. हे गावाला माहीत आहे.

हॉल गच्च भरला होता. पडद्यावर जाहिरात दाखवली. लोखंडाचा धंदा करणारे दांडगे लोक रुमाल काढून डोळे पुसत होते. मग वैजू बोलली. निळी साडी नेसली होती. आईविषयी बोलली. मागचं दार, बांगड्या, फोडांवरची फुंकर.

"आज माझी आई नाही," ती म्हणाली, "पण मी बार उचलते तेव्हा तिचे हात खाली असतात."

मी पहिल्या रांगेत होतो. मला सगळं ऐकू आलं, मोठे स्पीकर होते.

आता शकूचं सांगतो. वैजूला कोंडलं होतं खरंच. शकूने. दोनदा. पोरीचे खांदे पुरुषासारखे झाले, गर्भपिशवी उतरेल, हिला कोण करून घेईल, ह्याच्यापायी ती रात्रंदिवस जळायची. तिची धाकटी बहीण अंगाने थोराड म्हणून बिनलग्नाची राहिली आणि भावांच्या दारात भांडी घासत मेली. ते शकूने बघितलं होतं, म्हणून तिला मी फार दोष देत नाही. पण तिने वैजूच्या फोडांवर कधी फुंकर घातली नाही. तळहात दिसले की तोंड फिरवायची. राष्ट्रीय शिबिराला, पतियाळाला, पोरगी निघाली तेव्हा शकू आतल्या खोलीतून बाहेर आली नाही, आतूनच म्हणाली, "गेलीस तर मी मेले समज." वैजू पतियाळाहून फोन करायची. मी शकूपुढे फोन धरायचो. ती मान हलवून नको म्हणायची. मग शकू तापाने फणफणली आणि आठवड्यात गेली. पोरगी पोचली तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. "आई काही म्हणाली?" तिने मला विचारलं. मी खरं सांगितलं, "शुद्धीवर नव्हती."

त्या गाडीत, काच वर करून, वैजूने ऋजुताला काय सांगितलं असेल ते मला त्या हॉलमध्ये कळलं. खरी गोष्ट सांगितली असेल. आणि मग म्हणाली असेल, पण आईला वाईट दाखवू नका. ऋजुताला कुणीतरी अडवणारा हवाच होता. घरात उरलं कोण?

"आणि आता," निवेदक म्हणाला, "ज्या हातांनी तो बीम विहिरीत टाकला, ते हात आज आपल्यात आहेत. श्री. शंकर उरणे!"

टाळ्या झाल्या. मी वर गेलो. माईक हातात दिला.

"काका, तो दिवस आठवल्यावर आज काय वाटतं?"

मी म्हणालो, "हे जे पडद्यावर दाखवलं..." आणि थांबलो. माझी चार वाक्यं जिभेवर होती. वैजूकडे बघितलं. तिने साडीचा पदर मुठीत धरला होता. मोठं वजन उचलायच्या आधी ती जसा श्वास धरते तसा धरला होता. मी बीम टाकला नाही असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न एकच होता. मग अडवलं कुणी? आणि नाही म्हणालो, कुणीच नाही, तर त्या मागच्या दाराचं, त्या बांगड्यांचं, त्या फुंकरेचं काय राहिलं असतं? बाप वाईट होता म्हणून आई चांगली होती. मी चांगला झालो की शकू पुन्हा आतल्या खोलीत जाऊन बसणार, तोंड फिरवून.

"चुकलो," मी म्हणालो. "तिच्या आईला कळत होतं. मला कळलं नाही."

हॉल उठून उभा राहिला. वैजू धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यांचं वजन माझ्यावर आलं. रडत होती ती, पण मळ्यात रडली होती तसं नाही.

खाली उतरल्यावर मिरजेच्या एका दुकानदाराने मला मिठी मारली. गहिवरून म्हणाला, "माझ्या पोरीला कुस्ती खेळायची आहे. मी थोबाडीत मारली होती तिच्या. आज जाऊन सांगतो, जा म्हणून." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला काय सांगणार? ऋजुता माझ्यासमोर उभी राहून नुसती मान हलवत होती, डोळे ओले. "काका, असं मला लिहिताच आलं नसतं." मग मागे वळून तिने कॅमेरावाल्याला विचारलं, "माइकचा आवाज नीट आलाय ना?" पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत पत्की नव्हते. मीच होतो. माझा 'चुकलो' एवढा एकच शब्द, आणि खाली सळईचं नाव.

परत येताना कंपनीने गाडी दिली होती. ऊन उतरलं होतं. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या, गाडी हळू चालली होती. मी वाट बघत होतो. आता आम्ही दोघंच होतो, ड्रायव्हर सोडला तर. मला धन्यवाद नको होते. तिने नुसतं एकदा माझ्याकडे बघायला हवं होतं, आम्हा दोघांना जे माहीत होतं ते माहीत असल्यासारखं. तेवढं पुरलं असतं. त्याच्यावर मी उरलेली वर्षं काढली असती.

वैजूने माझा हात हातात घेतला. डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. लहानपणी सायकलवर मागे बसून पाठीला टेकवायची तसं.

"आप्पा," ती म्हणाली, "आज बरं वाटलं मला."

"हं."

"मी कधी मनात धरलं नव्हतं, खरं सांगते. पण तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. कुठेतरी हसू दिसेल म्हणून बघितलं. डोळे मिटलेले होते, चेहरा शांत होता. अकरा वर्षं झाली त्याला. तिला आता मुलगी आहे, आणि तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत होता. तोही हॉलमध्ये मागे उभा होता.

"ताई, मन मोठं आहे तुमचं," तो म्हणाला. "माझ्या बापानं असं केलं असतं, तर मी जन्मात तोंड बघितलं नसतं त्याचं."

वैजूने माझा हात जरा घट्ट धरला.

"खरं आहे," मी म्हणालो.